एमएक्स-५ ला मोठे कॅलिपर लावले आणि पेडल खाली जायला लागलं, काय चुकलं असेल?

रोडस्टर_९१
मंडळी मदत करा. गाडी मझदा एमएक्स-५, १९९१ ची, १.६ लिटर इंजिनवाली, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. राहतो इंग्लंडमध्ये त्यामुळे पावसाळा बारमाही. पुढची डिस्क मूळची २३५ मिमीची, म्हणजे ताटलीएवढी पण नाही, आणि जोरात चालवली की ब्रेक दमतात असं वाटायचं. भंगारवाल्याकडे २००२ च्या १.८ स्पोर्टचे पुढचे दोन्ही कॅलिपर (म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रॅकेटसकट मिळाले, २७० मिमीवाले. नवीन डिस्क नवीन पॅड घेतले, डिस्कमागचा पत्रा थोडा कापायला लागला, बाकी मूळच्याच भोकांत दोन-दोन बोल्ट आणि काम झालं, जुन्या १४ इंची चाकांत मावत नव्हते म्हणून १५ इंची आधीच घेऊन ठेवली होती.

आता रडगाणं. पहिल्यांदा पाय दिला की पेडल अर्ध्याच्या खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा मारलं की दगडासारखं घट्ट. दीड लिटर ब्रेक ऑइल घालवलं हवा काढण्यात, बायको पेडलवर मी खाली, आता ती गॅरेजमध्ये यायलाच तयार नाही. मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल दाबतो तो, गेला असेल का? आणि दुसरं म्हणजे ओल्या रस्त्यावर पुढची चाकं पटकन जाम होतात, आधी असं नव्हतं.

तेलकट_हात
मास्टर सिलेंडरला हात लावू नकोस अजून. आधी बघ, हवा काढायचं निपल (सैल केलं की ऑइल बाहेर येतं तो छोटा स्क्रू) कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या? डावा-उजवा एकमेकांचे आरसे असतात, डावीकडचा उजवीकडे पण निमूट बसतो, काही अडत नाही. फरक एवढाच की निपल खाली येतं, आणि हवा तर वर जाते ना रे बाबा, ती वरच्या कोपऱ्यात बसून राहते आणि तू खालून नुसतं चांगलं ऑइल काढत बसतोस. दीड काय पंधरा लिटर काढलंस तरी तेच.

पेडल दुसऱ्या वेळी घट्ट होतं म्हणजे हवाच असणार बहुतेक. फोटो टाक.

घाटउतार
भावा विषय थोडा वेगळा पण सांगतो. दमतात म्हणालास ते नेमकं काय होतं? चाकं जाम करता येत असतील तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे, त्यापुढे गाडी थांबवतो तो टायर. मोठ्या डिस्कचा खरा फायदा उष्णतेचा, ती जास्त पचवते. आमच्याकडे ताम्हिणी उतरताना मित्राच्या गाडीचं पेडल असंच मऊ पडलं होतं, खाली आल्यावर करपल्याचा वास, त्याला कॅलिपर बदलायचे होते. ऑइल कधी बदललं विचारलं तर म्हणे बदलायचं असतं?? ते हवेतलं पाणी पितं. नवीन डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशाला उकळतं आणि पाणी शिरलं की हा आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की वाफ, मग पाय दाबतो ती वाफच. तीनशे रुपयाच्या बाटलीत काम झालं त्याचं.

लीड्सची_काकू
माझ्याकडे पण १.६ च आहे, बरीच वर्षं, म्हणून जरा स्पष्ट बोलते. पुढचेच बदललेस हीच खरी चूक, हवा वगैरे आज ना उद्या निघेल.

कारखान्यातून आली तेव्हा पुढे २३५ मागे २३१ अशी जोडी होती. १.८ ला २५५ आणि २५१. स्पोर्टला पुढे २७०, मागे २७६. बघ जरा, दर वेळी दोन्हीकडे वाढवलंय. तू पुढे २७० केलंस आणि मागे २३१ च ठेवलंस, म्हणजे तेवढ्याच पायाच्या जोरात पुढची चाकं आधीपेक्षा जास्त पकडली जातात, मागची आपली निवांत. ओल्यात पुढची जाम होणारच, आणि एकदा घसरली की स्टिअरिंग कितीही फिरव, गाडी सरळच जाणार. मोठे ब्रेक लावून थांबायचं अंतर वाढवून घेतलंस. एक तर मागचे पण स्पोर्टचेच आण, ब्रॅकेटसकट, नाहीतर चारी बाजूंना १.८ चा संच लाव, तो १४ इंची चाकांत पण मावतो. मी तेच केलं आणि मला पुरतं.

अजून एक, विमा कंपनीला कळवलंस का? इथे बदल लपवला आणि उद्या ठोकलीस तर क्लेमच्या वेळी बोंब.

रोडस्टर_९१
हात जोडले दादा. आत्ता टॉर्च घेऊन खाली गेलो, दोन्ही निपलं जमिनीकडे बघतायत 🤦 भंगारवाल्याने पिशवीवर L आणि R लिहिलं होतं, मी पिशव्या आधीच फेकल्या आणि अंदाजाने लावले. अदलाबदल केली, तांब्याचे वॉशर नवीन टाकले, अर्ध्या तासात पेडल वरच्या वर. बायकोला कारण सांगितलेलं नाही.

काकू, विम्याचं उद्याच फोन करतो. आणि मागचे स्पोर्टवाले दोन कॅलिपर त्याच भंगारवाल्याकडे आहेत, पण पिस्टन आत ढकलायला गेलो तिथे तर हलेचना, सी क्लॅम्प लावून पाहिला. खराब आहेत का?

लीड्सची_काकू
अरे ढकलू नकोस!! मागच्यात हँडब्रेकचा स्क्रू आत असतो. मागच्या बाजूला १४ च्या पान्याचा एक टोपीसारखा बोल्ट आहे तो काढ, आत ४ मिमीची एलन की जाते, उलटी फिरव की पिस्टन आपोआप आत येतो. बसवल्यावर सुलटी फिरवून पॅड डिस्कला टेकव, मग चाक हाताने जेमतेम फिरेल इतपत मागे घे. हे न करता नुसती केबल ताणत बसलास तर हँडब्रेक कधीच नीट लागणार नाही आणि एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक गाडी तपासणीला, नापास.

फिरवून पिस्टन आला तर चांगले आहेत, घेऊन टाक. रबर फाटलेलं नाही ना बघ.

तेलकट_हात
आणि या वेळी पिशव्या फेकू नकोस 😄