डोळ्याचा मॅक्रो: बुबुळात खोलीचा दिवाच दिसतोय

काजवा:
१०० मिमी मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून मोठं टिपणारी) बहिणीच्या डोळ्याचे चाळीसेक फोटो काढले. एकही धड नाही. पापण्या शार्प, बुबुळ धूसर. त्यात मधोमध ट्यूबलाइट आणि कॅमेरा धरलेला मी! डोळे गडद तपकिरी आहेत, रेषा दिसतच नाहीत. काय चुकतंय?

भिंगवाला:
चुकत काही नाही, डोळा हलतोय. आणि तुम्हीही. बहिणीला टेबलावर कोपरं टेकवून हनुवटी मुठींवर ठेवायला सांगा. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस मॅन्युअल (हाताने), लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/११. बुबुळ जेमतेम १२ मिमीचं, १:१ ला (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा) शार्प दिसणारी पट्टी मिलिमीटर-दोन मिलिमीटरचीच मिळते.

गडद डोळ्यात मेलॅनिन (गडद रंगद्रव्य) जास्त, ते प्रकाश गिळतं. म्हणून उजेड समोरून नको, कानाच्या बाजूने तिरपा द्या. मी पहिल्यांदा तसा दिला तेव्हा आईच्या ‘काळ्या’ डोळ्यात बाहुलीभोवती मधाच्या रंगाची झालर निघाली. आम्ही दोघंही बघतच राहिलो. ट्यूबलाइट बंद करा, शर्ट काळा घाला. प्रतिबिंब जात नाही, फक्त बाहुलीच्या काळ्यावर सरकवायचं.

काजवा:
बाहुली फार मोठी येतेय, बुबुळाची नुसती कडाच उरते.

सावली:
अंधारात बसवलं असणार. एक मंद दिवा सतत चालू ठेवा, बाहुली आकसते. फ्लॅशवर पातळ पांढरा कागद लावा, आणि सलग मारा करू नका, डोळ्यात पाणी येतं. लेझर तर अजिबात नको.

काजवा:
काळा शर्ट धुवायला टाकलाय. उद्या बघतो.