मदत हवी आहे: खुब्याचं हाड मोडलंय, अर्धा गोळा बसवावा की पूर्ण सांधा?

रामबागकर: इंदूर. आई, वय 76. काल संध्याकाळी न्हाणीघरात घसरली. एक्स-रेत मांडीच्या हाडाची मान तुटून सरकलीय. एक डॉक्टर बायपोलर, म्हणजे फक्त गोळा बदलायचा, म्हणतात, दुसरे पूर्ण सांधा. नातेवाईक म्हणतात, पायाला वजन बांधून पडू दे, जुळेल. कालपर्यंत काठीशिवाय राजवाड्यापर्यंत चालत जायची. क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे.

हाडांचा_हिशोब: वजनाने हे हाड जुळत नाही. गोळ्याला रक्त बहुतेक मानेवरून जातं. मान सरकली की ते तुटतं. वर अंथरुणात न्युमोनिया आणि पाठीला जखमा. शक्यतो 48 तासांत ऑपरेशन उरका. क्लोपिडोग्रेलसाठी आठवडाभर थांबण्यात सहसा तोटाच. शेवटची गोळी कधी घेतली ते भूलतज्ज्ञांना सांगा, स्पायनलऐवजी (पाठीतल्या सुईच्या भुलीऐवजी) पूर्ण भूल देता येते.
बायपोलरमध्ये गोळा जिच्यात फिरतो ती वाटी स्वतःचीच राहते. काम आटोपशीर, सांधा निखळण्याचा धोका कमी. पण चालत्या माणसात वाटीची कूर्चा झिजून पुढे जांघ दुखू शकते. आई इतकं चालत असतील तर माझा कल पूर्ण सांध्याकडे, अर्थात हृदय साथ देत असेल तर. स्मरणशक्ती ठीक आहे ना? निखळू नये म्हणून पथ्य पाळावं लागतं.

रामबागकर: डोकं आमच्यापेक्षा तल्लख! सिमेंट लावायचं की नाही? आणि खर्च?

भुलीचा_पेटारा: सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात बसतो, ठिसूळ हाडात तो सिमेंटने पक्का केलेला बरा. बिनसिमेंटचा ठोकून बसवताना हाडाला चीर जाऊ शकते. मात्र सिमेंट भरताना बीपी एकदम उतरू शकतं, म्हणून हृदयाचे सगळे कागद आधीच दाखवा.
2017 चा सरकारचा कमाल किमतीचा आदेश गुडघ्याच्या सांध्यांचा आहे, तो खुब्याला लागू समजू नका. अंदाजपत्रकात सांध्याची कंपनी आणि किंमत वेगळी लिहून घ्या. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी मोफत उपचारांचं) मिळतं, उत्पन्नाची अट नाही. रुग्णालय यादीत आहे का ते बघा. इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून घ्या, पुढे सांधा बदलायची वेळ आली तर तेच लागतात.

हाडांचा_हिशोब: घरी पाट बंद, भारतीय संडास बंद. कमोडवर उंच सीट, खुर्ची अशी की खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील. ऑपरेशनचा छेद मागून असेल तर साधारण 6 ते 12 आठवडे पायावर पाय नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. चप्पल खाली पडली तर वाकून उचलायची नाही. सांधा अशाच वेळी निखळतो. आणि हाडं बळकट करायचं औषध कधी सुरू करायचं, हे डिस्चार्जआधीच विचारा. दुसरा खुबा अजून शाबूत आहे.