उपास सोडला तर सीमेवर त्यांना काही होईल का? फौजींच्या घरच्यांनी सांगा

मेहकरची सून

नमस्कार ताई-दादांनो. आमचे हे मिलिट्रीत हवालदार आहेत. सध्या फील्डला आहेत, तिथं फॅमिली नेता येत नाही. ठिकाण लिहीत नाही. मी मेहकर तालुक्यातल्या खेड्यात सासूबाई अन् दोन लेकरांसोबत राहते. भासरे-जाऊबाई गावातच वेगळे राहतात.

आधीच सांगते, मी गजानन महाराजांना मनापासून मानते. माहेरी होते तेव्हा शेगावची पायी वारी केली आहे. गुरुवारी पोथी वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून "हे सगळं थोतांड आहे" असं कृपा करून कोणी लिहू नका.

गुरुवारचा उपास माझा स्वतःचा. संकष्टी अन् एकादशी सासरी आल्यावर लागली. हे फील्डला गेले तसे सोमवार अन् शनिवारही आले. त्यात निंदण सुरू आहे. मागच्या आठवड्यात सोयाबीनमध्ये निंदता निंदता डोळ्यांपुढं अंधारी आली, बायांनी धरून धुऱ्यावर बसवलं. उपकेंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.2. सिस्टर म्हणाल्या, उपास बंद.

घरी सांगितलं तर सासूबाई बोलल्या, "तिकडं तो बर्फात उभा हाये, अन् तुले एक दिवस उपाशी राहवत नाही?" त्या वाईट नाहीत. दोन दिवस यांचा फोन लागला नाही तर त्यांच्याही घशाखाली घास उतरत नाही. टीव्हीवर सीमेची बातमी लागली की उठून देवघरात जाऊन बसतात. अशा बाईशी मी काय भांडू?

पण परवा माझा दुसरीतला पोरगा डबा तसाच भरलेला घेऊन घरी आला. गुरुवार होता. म्हणे, "मी खाल्लं तर पप्पाले गोळी लागन." तेव्हापासून मला झोप नाही. हे त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत आहे.

दुसरं म्हणजे महालक्ष्म्या. त्या आमच्या वाट्याला आहेत अन् यंदा यांना सुटी नाही. नातेवाईक म्हणतात, पूजेला जोडी लागते, भासरे-जाऊबाईंना बसवा. मला स्वतः बसायचं आहे. नवरा ड्युटीवर असताना कोणी एकटीनं पूजा केली आहे का?

निवृत्त सुभेदार, अचलपूर

बेटा, तुझ्या सासूबाईंना हे वाचून दाखव. मी बरीच नोकरी बर्फात काढली. देवाला आम्हीही सोडलं नाही. युनिटमध्ये सर्वधर्म स्थळ असतं, धर्मगुरू असतात, ते जेसीओच्या, म्हणजे सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे असतात. पोस्टवर तर बंकरच्या कोपऱ्यात पत्र्याच्या डब्यावर फोटो ठेवून आरती व्हायची. माझ्याजवळ महाराजांचा, शेजारच्या पोराजवळ गुरू नानकांचा.

पण तिथं जीव कशावर टिकतो ते मी पाहिलं आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर जागा राहणारा बडी, म्हणजे जोडीदार जवान, वेळेवर बदललेले ओले मोजे, हिमस्खलनाचा इशारा आला की वाट बंद ठेवणारा कमांडर. घरची कोणी उपाशी आहे म्हणून यातलं काहीच वाढत नाही. उलट घरून "वहिनी चक्कर येऊन पडल्या" अशी खबर आली की त्या जवानाचं ड्युटीत लक्ष राहत नाही. अशा जवानाला मी स्वतः दोन दिवस गस्तीवर पाठवलं नव्हतं.

सुटीचंही सांगतो. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक अन् 30 दिवस कॅज्युअल असते, पण सगळे एकदम सणाला गेले तर पोस्ट कोण सांभाळणार? दिवाळी मिळाली की गणपती जातो. यात त्याचा दोष नाही.

ठिकाण लिहिलं नाहीस ते उत्तम केलंस. सुटीची तारीखही कुठं लिहू नकोस.

आरोग्यसेविका, वाशीम जिल्हा

ताई, बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या वर पाहिजे. 8.2 वर उन्हात निंदण म्हणजे खेळ नाही. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौच काळी होते, घाबरू नका. साबुदाण्यात नुसता स्टार्च असतो, त्यानं रक्त वाढत नाही. गुरुवार सोडवतच नसेल तर राजगिरा, शेंगदाणे, खजूर असं पोटभर खाऊन करा, बाकीचे वार बंद. पण आधी डॉक्टरांना दाखवा, पाळीत जास्त जातं का तेही सांगा. सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरचे लवकर मानतात.

दारव्ह्याची ताई

आम्ही बौद्ध आहोत. माझे मिस्टर महार रेजिमेंटचे, मध्य प्रदेशात सागरला ट्रेनिंग झालेलं. आमच्याकडं असे उपास नाहीत, पण भीती तीच. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालायचं अन् माझं सगळं ध्यान मोबाईलकडं.

तुमच्या लेकराचं वाचून मला राहवलं नाही. माझी मुलगी पप्पा गेले की माझ्याशी बोलायचीच नाही. मग आम्ही रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झालं की पप्पासाठी एक गोष्ट वहीत लिहायला लागलो. आज शेळीला पिल्लू झालं, आज गणितात चूक झाली, असं काहीही. सुटीवर आले की ती वही घेऊन बसायचे. तुमच्या मुलाला त्याच्या पप्पांकडूनच फोनवर सांगायला लावा, "तू डबा खाल्ला की मला ताकद येते." आईनं शंभरदा सांगितलेलं अन् बापानं एकदा सांगितलेलं, यात फरक पडतो.

खामगावची आजी (नातू टाइप करून रायला)

माय, मी केल्या महालक्ष्म्या एकटीनं. आमचे मालक 1971 च्या लढाईत होते, त्याच्या आधीपासून सुटी नव्हती. आमच्या भटजीनं पाटावर सुपारी ठेवली अन् म्हणे, हा तुमचा जोडीदार. मुखवटे मीच बसवले, आंबील मीच शिजवली, सोळा भाज्या मीच चिरल्या. तुह्या घरच्या महालक्ष्म्या तूच बसव. जाऊले हाताखाली घे, थेही खुश राहीन. अन् सासूले म्हण, आत्या, तुम्ही माह्याजवळ बसा. तिलेही भेव लागते व माय. तिले एकटी नको सोडू.

मेहकरची सून

सगळ्यांचे खूप आभार. सुभेदार साहेबांचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. ओल्या मोज्यांपाशी त्यांनी मला थांबवलं अन् विचारलं, "त्याले मोजे पुरतात का?" रात्री यांचा फोन आला तर तोच प्रश्न आधी. मग हे मुलाशी बोलले. शुक्रवारी डबा रिकामा आला. गुरुवारी काय होते ते पाहते.

सोमवार-शनिवार सोडते म्हटलं, सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण सोमवारी त्यांनीच माझ्या ताटात भाकर वाढली. गुरुवार मी ठेवते आहे, राजगिऱ्याचे लाडू करून ठेवले आहेत. उद्या दोघी मेहकरला दवाखान्यात जातो आहोत.

आजी, सुपारीचं आमच्या भटजींना विचारलं, ते हो म्हणाले. सवाष्ण म्हणून जाऊबाईंना सांगितलं आहे. एक विचारायचं राहिलं. सुपारीशेजारी यांचा फोटो ठेवला तर चालतो का?

खामगावची आजी (नातू टाइप करून रायला)

हारतुऱ्याचा नको ठेवू. वर्दीतला हसरा फोटो असन तर बाजूच्या भिंतीवर लाव.