जिप्सीला २ इंची बॉडी लिफ्ट: घरी जमेल का?

बोंडूवाला

मंडळी, नमस्कार. गाडी १९९८ ची जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, वडिलांनी घेतलेली. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे आमची काजूची बागायत आहे. शेवटचा सव्वा किलोमीटर कच्चा, मध्ये दोन व्हाळ, म्हणजे ओढे. आजवर कधी अडलं नाही. पण गेल्या पावसात त्या वाटेने ट्रॅक्टरने लाकूड ओढलं आणि चाकोऱ्या इतक्या खोल गेल्या की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला खरवडतो. तो आवाज आला की माझी दाढ दुखायला लागते. पुढच्या महिन्यात बोंडू (काजूची फळं) सुरू होतील, तेव्हा दिवसाला चार फेऱ्या असतात.

पुण्याच्या मावसभावाने स्वतःसाठी आणलेलं २ इंची बॉडी लिफ्ट किट मला देऊन टाकलंय. नायलॉनचे काळे ठोकळे, लांब बोल्ट आणि पिशवीभर वॉशर. माहितीपत्रक नाही. सोबत टायर २३५/७५ आर १५ घालावे म्हणतो, आत्ता २०५/७० आर १५ आहेत. ब्रेक लायनर, क्लच केबल मी स्वतः बदलतो. आमचा मेकॅनिक म्हणतो, ‘चार बोल्ट सोडायचे, अर्ध्या दिवसाचं काम.’ ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

पर्वरीची_जिम्नी

चार बोल्ट म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नको, एवढंच सांगतो.

निवृत्त_पाना

मी केलंय, म्हणून लिहितो. २०१२ ला खाणी बंद पडल्या तोवर डिचोलीला खाणीच्या वर्कशॉपात होतो. जिप्स्या, जीपा, डंपर सगळं हाताखालून गेलंय. नंतर स्वतःची जुनी जिप्सी घरच्या शेडमध्ये उचलली.

आधी एक सांग. पोट घासतं म्हणतोस, म्हणजे नक्की काय घासतं? खाली आडवा होऊन बॅटरी मारून बघ. मला खात्री आहे, डिफरन्शियलचा गोळा (अॅक्सलवरचा गिअरांचा डबा) चकचकीत झालेला दिसेल. असं असेल तर बॉडी लिफ्टने तुझं काहीएक भलं होणार नाही. बॉडी लिफ्ट म्हणजे चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) आणि टप (वरची पत्र्याची बॉडी) यांच्या मध्ये ठोकळे घालायचे. टप वर जातो. चेसिस, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), अॅक्सल, गोळा होते तिथेच राहतात. गाडी लांबून उंच दिसते आणि उंचवटा आपला खरवडत राहतो.

गोळा उचलतो तो टायर. हिशेब कर: २०५/७० ची उंची ६६८ मिमी, २३५/७५ ची साधारण ७३३. फरक ६५, त्याचा अर्धा अॅक्सलखाली मिळतो, म्हणजे ३३ मिमी, सव्वा इंच. लिफ्ट घालायची ती हा मोठा टायर वळताना आणि पाटे दबल्यावर मडगार्डला लागू नये म्हणून. बाकी त्यात काही जादू नाही. त्या टायरला ६ इंचाखालची रिम नको, आणि मीटर ५० दाखवेल तेव्हा गाडी ५५ ला असेल. पाचवा गिअर चढावर मेल्यासारखा होतो तो वेगळा.

आता काम. चार बोल्ट नव्हेत; टप जिथे जिथे रबरावर बसलाय तिथला प्रत्येक बोल्ट. आणि आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खाल्लेले बोल्ट. मी तीन संध्याकाळ नुसतं गंज सोडवायचं तेल मारत होतो. तरी पुढचा उजवा मोडला. तो मोडताना कडकन आवाज येत नाही. पाना एकदम मऊ फिरायला लागतो, लोण्यात फिरल्यासारखा, आणि क्षणभर आपण खूश होतो की सुटला. मग लक्षात येतं, डोकं हातात आणि बाकीचा आत. ड्रिल मारून काढण्यात एक अख्खा रविवार गेला.

उचलताना एक बाजू पूर्ण सोडायची, दुसऱ्या बाजूचे बोल्ट सैल पण जागेवर ठेवायचे. जॅकवर जाड फळी, आणि ती दाराखालच्या पट्टीला. मधल्या पातळ पत्र्याला लावलास तर जॅक आत येईल. मूळ रबर टाकून देऊ नको, ठोकळा त्याच्या जोडीला बसतो. बोल्ट ८.८ किंवा वरच्या प्रतीचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. आमच्याकडे एकाने सागवानी तुकडे घातले होते. सागवान चांगलं, पण चौकटीला.

मी कुठे फसलो ते ऐक. टप वर गेला, रेडिएटर त्याच्याबरोबर वर गेला, पंखा मात्र इंजिनाबरोबर खालीच. मी बघितलंच नाही. किल्ली फिरवली आणि टर्रर्र, पंख्याभोवतीचं कडं गेलं. बायको आतून ओरडली, ‘मिक्सरमध्ये काय घातलंत?’ मग पट्ट्या ठोकून रेडिएटर तेवढाच खाली घेतला.

दुसरं जास्त वाईट. गिअरचा दांडा गिअरबॉक्समधून येतो, भोक टपाला असतं. टप वर गेला की दांडा भोकाच्या मागच्या काठाला टेकतो. सपाटीवर कळत नाही. साखळी, केरी करत चोर्ला घाट चढून गेलो, मजेत. उतरताना दुसऱ्यावर होतो आणि गिअर आपोआप न्यूट्रलला आला. वळण समोर, इंजिनाची ओढ गेलेली, गाडी नुसती ब्रेकवर. पुन्हा घातला, पुन्हा उडाला. शेवटी गुडघ्याने दांडा दाबून धरत केरीपर्यंत आलो. घरी येऊन भोक मागे वाढवलं, दांडा वाकवून घेतला. फोर बाय फोरच्या दांड्याचंही तेच; लो (जास्त ओढीचा हळू गिअर) पूर्ण लागलाय असं वाटतं, लागलेला नसतो.

स्टिअरिंगबद्दल मस्करी नको. चाक टपात, स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर. मधला शाफ्ट तेवढा ताणला जातो. दात एकमेकांत किती उरले ते मोज. कमी उरले तर लांबीचा तुकडा लाव, पण बाजारातला बनवलेला. वेल्डिंगचा जुगाड इथे नाही म्हणजे नाही. ब्रेकचा नळ, क्लच आणि अॅक्सिलरेटरची केबल, अर्थची वायर, पेट्रोल भरायचा रबरी नळ हे सगळे ताठ झालेत का ते चाचपून मगच गाडी बाहेर काढ.

वाळपईकर_वकीलसाहेब

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची गाडी १९९८ ची, म्हणजे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. पुढची तपासणी २०२८ ला असणार. अपघात झाला तर विमावाला आधी ठोकळेच मोजेल. बागायतीत फिरवा हो, पण बाजाराला जाताना याच गाडीने जाता ना?

बोंडूवाला

काका, तुमचं खरं निघालं. गोळाच घासलाय, रुपयासारखा चमकतोय. मागचा पण. चेसिसला ओरखडा नाही.

वकीलसाहेब, बाजाराला याच गाडीने जातो, घरात दुसरं वाहन म्हणजे नुसती स्कूटर. मुद्दा पोचला. पण मग मी काय करू? बोंडू थांबणार नाहीत.

निवृत्त_पाना

वाट दुरुस्त कर. चिरेखाणीवर फुटके चिरे मिळतात, टेम्पोभर आणून चाकोरीत टाक, उंचवट्यावर कुदळ मार. टायर घ्यायचेच असतील तर २१५/७५ आर १५ बघ. अॅक्सलखाली १८ मिमी मिळतात, माझ्या जिप्सीत काही न कापता बसले होते.

आणि किट लाव नाहीतर लावू नको, एकदा आतलं मॅटिंग उचल आणि टपाचे बोल्ट बसतात तिथला पत्रा बघ. २ इंच ठोकळा घातला की त्याच पत्र्याला जास्त हिसके बसतात.

पर्वरीची_जिम्नी

काका, मध्येच विचारतो. जिम्नीला पण चेसिस वेगळी आहे. तिला घालू का?

निवृत्त_पाना

वॉरंटी आहे ना? मग गप्प बस. २१० मिमी क्लिअरन्स मिळालाय तो पर्वरीच्या स्पीडब्रेकरला पुरतो.

बोंडूवाला

मॅटिंग उचललं. ड्रायव्हरच्या बाजूला वरून रंग झकास. डाव्या बाजूला, मागच्या सीटखाली, रंगाला फुगा आलेला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, जोर नाही लावला, आणि ते आत गेलं. लाल पापुद्रे हातावर आले आणि भोकातून खाली शेडची जमीन दिसली. बोल्ट पत्र्याच्या एका कडीवर उभा आहे, भोवती काही नाही. वडील बघत होते, काही बोलले नाहीत, निघून गेले.

किट पोटमाळ्यावर टाकलं. चिऱ्यांचा टेम्पो काल आला, दोन गडी लावलेत. काका, पत्रा तुमच्याकडे करून मिळेल का?

निवृत्त_पाना

मी आता वेल्डिंग करत नाही, डोळे गेलेत. पण करणारा पोर माझाच शिकवलेला आहे. रविवारी सकाळी डिचोलीला घेऊन ये. बॅटरीची तार घरी सोडू नको, गाडी चालवत आणायची आहे. इथे आल्यावर मी सोडतो. टाकी मात्र जवळजवळ रिकामी करून आण, ती उतरवल्याशिवाय मागे ठिणगी पाडू देणार नाही. मागच्या सीटवर कुणाला बसवू नको.

हुर्राक (बोंडूची दारू) आणायची गरज नाही, मी सोडली. बोंडू चालतील.