नऊ वर्षांच्या भाचीसाठी पहिले क्लॅरिनेट: आजोबांचे जुने द्यावे की नवे घ्यावे?

साताऱ्याचा मामा

नमस्कार. माझी भाची नऊ वर्षांची आहे. गेल्या गणपतीत आमच्या गल्लीत आलेल्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्या काकांच्या मागे ती अर्धा तास चालत गेली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सुदैवाने सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले एक गुरुजी आमच्याकडे मुलांना शिकवतात आणि दिवाळीनंतर तिला पाठवा, असे त्यांनी सांगितले आहे. वाद्य मात्र तिचे स्वतःचे असावे, कारण रोज घरी वाजवल्याशिवाय ओठ तयार होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे.

माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, तीस-पस्तीस वर्षे बँडपथकात क्लॅरिओनेट वाजवत असत (क्लॅरिनेट हा उच्चार त्यांना कधीच मान्य नव्हता). त्यांचे लाकडी वाद्य ते गेल्यापासून कपाटात पडून आहे. परवा पेटी उघडली तेव्हा सांध्यांवरच्या बुचाचा भुगा झाला होता, छिद्रे झाकणारे दोन पॅड किड्यांनी खाल्ले होते आणि चाव्या काळ्या पडल्या होत्या. कंपनीच्या शिक्क्याखाली ‘एच. पी.’ अशी दोन अक्षरे कोरलेली आहेत. नातीने आजोबांच्याच वाद्यावर शिकावे, अशी ताईची फार इच्छा आहे.

दुसरा पर्याय ऑनलाइन दिसलेल्या निळ्या रंगाच्या नव्या वाद्याचा आहे. पेटी, दहा रीड (फुंकताना थरथरणाऱ्या वेताच्या पट्ट्या) आणि हातमोजे धरून ८,५०० रुपये. तिसरा पर्याय एका दुकानदाराने सुचवला. त्याच्या मते घ्यायचे तर लाकडीच घ्यावे, कारण लाकडाच्या आवाजाची सर प्लास्टिकला येत नाही. आमची तयारी २५,००० रुपयांची आहे, फार ताणले तर ३०,०००. मला स्वतःला पेटीवर (हार्मोनियमवर) चार स्वर वाजवण्यापलीकडे काही येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फुंकर (पुणे)

मी गेली काही वर्षे लहान मुलांना क्लॅरिनेट शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुम्ही सहज नोंदवलेली ती दोन अक्षरे सर्वांत महत्त्वाची आहेत. ‘एच. पी.’ म्हणजे हाय पिच. एके काळी ब्रिटिश लष्करी बँड ‘ए’ हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांवर मिळवत असत आणि त्यांच्यासाठी बनलेली वाद्ये आपल्याकडच्या बँडपथकांत पुढे अनेक वर्षे वाजत राहिली. आज तो स्वर सर्वसाधारणपणे ४४० वर मिळवतात. म्हणजे ते वाद्य जवळजवळ पाव स्वराने, अर्ध्या सुराच्याही निम्म्याने, चढे आहे. पथकातली सगळी वाद्ये तशीच असली की कोणाच्या कानाला काही खटकत नाही. गुरुजींच्या शेजारी बसून वाजवताना मात्र मुलगी जन्मभर बेसूर वाटेल आणि तिला वाटेल की चूक आपलीच आहे. बॅरल, म्हणजे फुंकण्याच्या तोंडाखालचा छोटा तुकडा, थोडे बाहेर ओढून वाद्य उतरवता येते, पण इतके नाही. तेवढे ओढले तर वरच्या छिद्रांचे स्वर खूप उतरतात, खालच्यांचे कमी उतरतात आणि स्वरांमधली अंतरे बिघडतात.

दुसरी तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. वाद्य उलटे करून मागच्या बाजूचे, डाव्या अंगठ्याचे छिद्र पाहा. त्याभोवती धातूची कडी असेल तर ती बोह्म पद्धत, म्हणजे चाव्यांची आजची प्रचलित रचना. कडी नसेल तर ते बहुधा अल्बर्ट नावाच्या जुन्या पद्धतीचे आहे. जर्मन बासरीवादक बोह्म याने बासरीसाठी केलेली कड्यांची रचना वादक क्लोझे आणि वाद्य बनवणारा ब्युफे या दोघांनी १८४० च्या आसपास पॅरिसमध्ये क्लॅरिनेटवर आणली. आज मुलांसाठीची बहुतेक पुस्तके आणि बोटांचे तक्ते सतरा चाव्यांच्या याच रचनेसाठी असतात. अल्बर्टवर काही स्वरांची बोटे वेगळी पडतात. गुरुजी एका पद्धतीवर आणि विद्यार्थिनी दुसऱ्या पद्धतीवर, हे पहिल्या वर्षी तरी टाळावे.

निळ्या वाद्याबद्दल सांगायचे तर रंगाला माझी हरकत नाही. माझ्याकडे अशी तीन वाद्ये आली. तिन्हींच्या चाव्या इतक्या मऊ धातूच्या होत्या की जोडताना मुलाच्या मुठीच्या दाबानेच त्या वाकल्या. चावी वाकली की पॅड छिद्रावर नीट बसत नाही, हवा गळते आणि खालचे स्वर निघेनासे होतात. मूल अधिक जोराने फुंकते, स्वर चिरकतो, शेवटी वाद्य पेटीत जाते. दुरुस्त करणारेही अशा वाद्याला हात लावायला तयार नसतात, कारण एक चावी सरळ करताना दुसरी तुटते.

लाकडी नको. नव्या लाकडी वाद्याला पहिले काही आठवडे रोज थोडा थोडा वेळच वाजवून मुरवावे लागते, आतला ओलावा दर वेळी पुसावा लागतो आणि हवामानाच्या फरकाने तडा जाण्याची भीती असते. नऊ वर्षांच्या मुलीवर ही जबाबदारी कशाला? एबीएस प्लास्टिकचे किंवा एबोनाइटचे (कडक रबराचे), बी फ्लॅटचे, बोह्म पद्धतीचे वाद्य घ्यावे. यामाहाचे २५५ हे मॉडेल त्यातले सर्वांचे ओळखीचे. नवे तुमच्या अंदाजपत्रकात बसणार नाही, पण त्याचे किंवा त्याच्या आधीच्या २५० चे वापरलेले वाद्य शोधण्यासारखे आहे.

पैसे देण्यापूर्वी मुलीला गुरुजींकडे नेऊन तिच्या हातात फक्त खालचा सांधा (वाद्याचा खालचा अर्धा भाग) द्या. उजव्या हाताच्या अनामिकेच्या पेराने शेवटचे छिद्र पूर्ण झाकले जाते का, ते पाहा. छिद्रे उघडी असतात, त्यामुळे केसाएवढी फट राहिली तरी स्वर येत नाही. वरचे पुढचे दोन दात पक्के आलेले असावेत, कारण माउथपीस त्यांच्यावरच टेकते. साधारण पाऊण किलोचे हे वजन उजव्या अंगठ्यावर येते, तेव्हा गळ्यात अडकवायचा पट्टा सुरुवातीपासून वापरावा. बोटे पोचत नसतील तर एक वर्ष थांबावे किंवा न्यूव्हो कंपनीचे ‘क्लॅरिनियो’ हे सी स्वरातले हलके प्लास्टिकचे वाद्य पाहावे.

तिसरी पिढी (सोलापूर)

फुंकर यांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, परंतु अल्बर्टला त्यांनी एका ओळीत निकालात काढले ते पटले नाही. आमच्या घरात तीन पिढ्या बँड आहे. कड्या कमी असल्यामुळे अल्बर्टवर बोट छिद्रावरून हळूहळू सरकवता येते आणि मींड सुरेख येते. तुर्कस्तानातले वादक आजही याच जुन्या पद्धतीचे वाद्य पसंत करतात ते उगीच नाही. नाट्यगीत किंवा भजन गळ्यातून निघाल्यासारखे वाजवायचे असेल तर मला अल्बर्टच हवे. रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांचा क्लॅरिनेटवरचा ख्याल किंवा ए. के. सी. नटराजन यांचे कर्नाटक संगीतातले वादन मुलीला जरूर ऐकवा. हे वाद्य फक्त वरातीचे नाही, हे तिला लहानपणीच कळलेले बरे.

असे असले तरी हे विशिष्ट वाद्य तिला देऊ नये, हे मीही म्हणेन. कारण एच. पी. हाच एक दोष असा आहे की तो कोणताही कारागीर दुरुस्त करू शकत नाही. पॅड नवे बसतात, बूच नवे लागते, गंजलेल्या सुईच्या स्प्रिंगाही बदलता येतात, पण छिद्रांची जागा बदलता येत नाही. ताईंच्या समाधानासाठी वाद्य स्वच्छ करून घ्या, पॅड बसवून घ्या आणि घरात ठेवा. चाव्या घरी चिंच लावून घासू नका. आमच्या काकांनी ते केले होते; चाव्या चकाकल्या, पण पाणी स्प्रिंगांत गेले आणि पंधरा दिवसांत चार स्प्रिंगा तुटल्या.

वापरलेले वाद्य घेताना आमच्याकडे एक सोपी परीक्षा करतात. खालचा सांधा हातात घेऊन त्याची सर्व छिद्रे बोटांनी आणि उघड्या चाव्या दाबून बंद करावीत, खालचे तोंड दुसऱ्या कोणाच्या तळव्याने झाकावे आणि वरून हवा ओढून घ्यावी. ओढलेली हवा तीन-चार सेकंद धरून राहिली तर सांधा घट्ट आहे. लगेच सुटली तर पॅड गेलेले आहेत आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी. वरच्या सांध्याची परीक्षाही याच रीतीने होते. चावी बोटाने आडवी हलवून पाहा. ती खुळखुळत असेल तर खालची बैठक झिजलेली आहे. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्ये बनतात आणि आम्ही पितळी वाद्ये तिथूनच आणतो, पण लहान मुलाच्या पहिल्या क्लॅरिनेटसाठी मी तिकडे जाणार नाही.

परदेशी पाहुणी (न्यू जर्सी)

इथल्या शाळांत चौथी-पाचवीपासून बँड असतो आणि बहुतेक पालक पहिल्या वर्षी वाद्य महिन्याच्या भाड्याने घेतात. माझ्या मुलाने सात महिन्यांत क्लॅरिनेट सोडून ढोल धरला, तेव्हा त्या भाड्याची किंमत मला कळली. आपल्याकडे अशी सोय सहसा मिळत नाही, परंतु त्याचा एक उपयोग तुम्हाला होऊ शकतो. मुले शाळा सोडतात तेव्हा सेल्मरचे बंडी, व्हिटो किंवा यामाहाचे २० अशी जुनी विद्यार्थी-वाद्ये इथे फार स्वस्तात निघतात. ती दिसायला काळी-सावळी, पण दणकट असतात. येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानात पेटी सहज मावते. मात्र पॅड बदलण्याचा खर्च गृहीत धरावा आणि इथेच एखाद्या वाजवणाऱ्याकडून तपासून मगच पाठवायला सांगावे.

खाडीकिनारा (रत्नागिरी)

दोन लहान गोष्टी कोणी लिहिलेल्या नाहीत. पहिली रीडची. सेटसोबत आलेल्या रीड बहुधा जाड असतात किंवा कशाही असतात. मुलीसाठी दीड किंवा दोन क्रमांकाच्या, रिको किंवा व्हॅनडोरेनच्या घ्याव्यात आणि तीन-चार रीड आलटून पालटून वापराव्यात. आमच्याकडे पावसाळ्यात ओली रीड माउथपीसवर तशीच ठेवली तर दोन दिवसांत तिच्यावर काळी बुरशी येते. वाद्य जुने मिळाले तर माउथपीस तेवढे नवे घ्या. यामाहाचे ४सी पुरेसे आहे आणि साध्या वाद्याचा आवाजही त्याने बराच सुधारतो.

दुसरी गोष्ट तुमच्या वाजवायच्या पेटीची. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर पुस्तकातला ‘सी’ वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते, पांढरी एक नव्हे. आम्ही पहिले दोन आठवडे मुलाला ‘चुकीचे वाजवतोस’ म्हणून ओरडत होतो. तो बरोबर वाजवत होता. शिवाय बासरीवर जोराने फुंकले की त्याच बोटांनी वरचा सा येतो, तसे इथे होत नाही. मागची चावी दाबली की खालच्या सा च्या बोटांवर एकदम तार सप्तकातला प बोलतो. त्यामुळे मधल्या स्वरांवरून वर जाताना जवळजवळ सगळी बोटे एकाच वेळी टाकावी लागतात आणि तिथे प्रत्येक मूल काही महिने अडखळते. त्या काळात वाद्य खराब निघाले असे समजून ते बदलायला धावू नका.

साताऱ्याचा मामा

सर्वांचे मनापासून आभार. मागच्या छिद्राला कडी नाही, म्हणजे वाद्य अल्बर्टच आहे. रविवारी ते गुरुजींकडे घेऊन गेलो. त्यांनी खाल्लेल्या दोन पॅडांच्या जागी तात्पुरते दुसरे पॅड दाबून बसवले, सांध्यांना दोरा गुंडाळला, स्वतःचे माउथपीस लावले आणि सगळी बोटे उचलून फक्त मोकळा स्वर वाजवला. त्यांच्या स्वतःच्या क्लॅरिनेटवर हाच स्वर पेटीच्या पांढऱ्या चारशी तंतोतंत मिळाला होता. वडिलांच्या वाद्यावरचा स्वर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध कुठेतरी होता, आणि पेटीसोबत वाजवताच माझ्यासारख्यालाही तो टोचला. ताई जवळच उभी होती, त्यामुळे मला वेगळे काही समजवावे लागले नाही. ते वाद्य गुरुजींनीच पॅड घालण्यासाठी ठेवून घेतले आहे. त्यावर त्यांना मींड काढून पाहायची आहे, असे ते हळूच म्हणाले.

भाचीच्या हातात खालचा सांधा देऊन पाहिला. अनामिका पोचते, पण करंगळीने खालची चावी दाबायला गेली की अनामिका किंचित उचलली जाते. गुरुजींच्या मते तीन-चार महिन्यांत ते बसेल, तोपर्यंत डाव्या हाताचेच स्वर. पुण्यात एका विद्यार्थ्याचे वापरलेले यामाहा २५० निघाले आहे. मालक पेटी आणि ४सी माउथपीससह २६,००० रुपये मागत आहेत. शनिवारी भाचीला आणि गुरुजींना घेऊन जात आहे. हवा ओढण्याची परीक्षा गुरुजी करतील, खालचे तोंड तळव्याने मी झाकेन. त्या दिवशी दीड क्रमांकाच्या रीड घ्याव्यात की दोनच्या, एवढे कोणी नेमके सांगितले तर बरे होईल.

फुंकर (पुणे)

दीडच्या तीन आणि दोनची एक घ्या. दोनची सध्या पेटीत राहू द्या. किंमत रास्त आहे, पण वरच्या सांध्याच्या खालच्या टोकाशी असलेली दोन सांध्यांना जोडणारी चावी नीट पाहा. मुले वाद्य जोडताना ती उचलून धरायला विसरतात आणि सर्वांत आधी तीच वाकते.