औषधाच्या रिकाम्या बाटल्या शेतकरी परत करील, पण कशासाठी?

शिवारकर, परभणी
सोयाबीनवर तणनाशक मारून झालं की आमच्याकडं विहिरीच्या काठाला अन् बांधाच्या बोरीखाली बाटल्या-पुड्यांचा खच पडतो. पाऊस झाला की ते सगळं ओढ्यात. मेळाव्यातलं 'पर्यावरण जपा' ऐकून कुणी बाटली उचलत नाही. पैसा दिसला तरच ती परत येईल, हे माझं ठाम मत. ठिबकच्या जुन्या नळ्या कुणाच्या रानात पडून राहतात का? भंगारवाला किलोवर घेतो म्हणून त्या राहत नाहीत. औषध विकतानाच बाटलीमागं अनामत घ्या, बाटली आणली की परत द्या.

मोसंबी बागायतदार, जालना
मला पटत नाही. भंगारवाला बाटल्याही नेतो, धोका तिथंच आहे. न धुतलेली बाटली वितळून तिचं पुढं काय होतं, कोण बघतं? आणि पुडीला तर भंगारातही भाव नाही, तिचं काय करायचं? मी बाटल्या वेगळ्या ठेवतो त्या आमच्या विहिरीचं पाणी घरात पितात म्हणून. ही भीती शेतकऱ्याला नीट सांगितली तर तो ऐकतो.

खुरपणवाली ताई, बीड
भीती कुणाला सांगता भाऊ? मेळाव्याला बाप्यांना बोलावतात. रिकामी बाटली चांगली दिसते म्हणून घरी आणून धुणारी, तेल ठेवणारी बाईच असते. खुरपताना फुटक्या झाकणाला हात लागतो तोही आमचाच. आम्हाला कुणी एकदा समोर बसवून सांगितलं असतं, तर एक बाटली घरात आली नसती.

कृषी केंद्रवाला, लातूर
अनामत बोलायला सोपी. माझा निम्मा माल उधारीवर जातो, अनामत कुणाकडून घेऊ? उग्र वासाच्या बाटल्या दुकानात कुठं रचू? १९७१च्या कीटकनाशक नियमांत रिकामी डबडी फोडून वस्तीपासून लांब पुरा असं आहे. तेवढं केलं तरी पुष्कळ.

शिवारकर, परभणी
पुरलं म्हणजे प्लास्टिक मातीतच राहिलं ना दादा! ब्राझीलनं २००० साली कायदा केला. बाटली कुठं परत द्यायची ते बिलावरच लिहायचं, शेतकऱ्यानं वर्षाच्या आत तिथं पोचवायची, पुढची जबाबदारी कंपन्यांची. तिथं औषधांचं ९० टक्क्यांहून जास्त प्लास्टिक परत येतं. धुण्यातही आपलाच फायदा आहे. बाटलीत पाव भाग पाणी घालून हलवायचं, ते फवारणीच्या पंपात ओतायचं, असं तीनदा. तळाशी राहिलेल्या औषधाचेही आपण पैसे मोजलेले असतात.

मोसंबी बागायतदार, जालना
तीनदा धुणं मान्य. पण कायद्याचा धाक आणि पैसा या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलचं उदाहरण देऊन तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

कृषी केंद्रवाला, लातूर
बाटल्या न्यायला कंपनीची गाडी हंगामात ठरल्या दिवशी येणार असेल, तर मी गिऱ्हाइकाला स्वतः सांगीन.

खुरपणवाली ताई, बीड
गाडी आठवडी बाजाराच्या दिवशी आणा, त्या दिवशी आम्ही तालुक्याला येतोच. पण भाजीच्या ओट्यांजवळ उभी करू नका.