लेसिकनंतर नंबर जातो, पण डोळा ‘पूर्ववत’ होतो का?

मूळ धागा : धंतोलीकर

माझ्या भाचीचा नंबर मायनस सहा आहे. लेसिकची, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेची, चौकशी करायला गेली असता तिला एका दवाखान्यात ‘दोन दिवसांत सगळे पूर्ववत’ असे सांगण्यात आले. नंबर जातो, हे मला मान्यच आहे; नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि आजही चष्म्यावाचून गाडी चालवते. माझा आक्षेप ‘पूर्ववत’ या शब्दाला आहे.

पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. लेसिकमध्ये त्याचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रा कापून उलटवतात आणि खालचा थर लेसरने दर नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन झिजवतात. पापुद्र्याची कड भरून येते. आतली पकड मात्र मूळच्या बळाची होत नाही, म्हणूनच तो काही वर्षांनीही पुन्हा उचलता येतो. त्याच छेदात पारपटलाच्या सूक्ष्म नसा तुटतात. त्या पुन्हा वाढायला कित्येक महिने लागतात आणि तोवर डोळा कोरडा पडल्याची वर्दी अश्रुग्रंथींना नीट मिळत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात याचा अर्थ काय, ते मी भोगले आहे. दुसऱ्या उन्हाळ्यातही, रात्रभर कूलरचा वारा लागून पहाटे पापण्या बुबुळाला चिकटलेल्या असत. उशीशेजारची थेंबांची बाटली चाचपडत शोधायची, थेंब टाकायचे आणि मगच डोळे उघडायचे.

प्रतिसाद : हिंगणा रोड

ताई, आपला त्रास खरा आहे, पण त्यावरून तरुण मुलीला घाबरवणे मला पटत नाही. मी एमआयडीसीत भट्टीजवळ काम करतो. तिथे सुरक्षा गॉगलच्या आत चष्मा घामाने नाकावरून घसरत असे आणि तो सावरायला हात मोकळा नसे. बारा वर्षांपूर्वी लेसिक केले. चार महिने डोळे खुपले, मग थांबले. बहुतेकांचा कोरडेपणा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावूनच झोपणाऱ्यांच्या पारपटलाला जंतुसंसर्ग होतो, तो धोका कोणी मोजत नाही.

आपलाच हिशेब पुढे नेला, तर मायनस सहाला ७० ते ९० मायक्रॉन जातील. पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहावेत हा दंडक नेहमीच्या जाडीच्या पारपटलात सहज पाळला जातो. पापुद्राच नको असेल तर पीआरके आहे. त्यात पापुद्रा न कापता वरची पेशींची साय तेवढी काढून लेसर मारतात. ती साय तीन ते पाच दिवसांत परत धरते, ते दिवस दुखतात आणि नजर स्थिरावायला काही आठवडे जातात, एवढेच.

प्रतिसाद : महालची आत्या

आपण दोघेही डोळ्याच्या पुढच्या काचेविषयीच बोलता आहात. मोठा मायनस नंबर म्हणजे लांबट डोळा, आणि लेसरने त्याची लांबी कमी होत नाही. मागचा ताणलेला दृष्टिपटल, म्हणजे प्रकाश टिपणारा आतला पडदा, तसाच राहतो आणि तो फाटण्याचा वा सुटण्याचा धोकाही राहतो. आमच्या नात्यातल्या एकाने नंबर गेला म्हणून तपासणीच सोडली. डोळ्यांपुढे काळे ठिपके आणि विजा चमकू लागल्या तरी तो आठवडाभर थांबला, आणि त्या डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही. यात लेसिकचा दोष नव्हता, पण त्याला हे कोणी बजावले नव्हते. शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापेही जपून ठेवावीत. पारपटल पातळ झाल्यावर डोळ्यातला दाब मूळ दाबापेक्षा कमी भरतो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो, आणि पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची शक्ती ठरवताना हाच जुना कागद कामी येतो.

धंतोलीकर

आत्या, माझी फाइल घर बदलताना हरवली, आणि तिची गरज मला आज प्रथमच कळली. हिंगण्याच्या दादांचा पीआरकेचा मुद्दा मी भाचीपुढे ठेवीन. पण वर्षभर थेंब लागू शकतात हे पहिल्याच भेटीत सांगणे म्हणजे घाबरवणे, हे मी मान्य करणार नाही. नंबर वर्षभर स्थिर आहे का, हे आधी पाहू. तो तसा असला, तरी शस्त्रक्रिया दिवाळीनंतरच करायची, म्हणजे पहिले चार महिने तरी लू लागणार नाही.